'गोळी' म्हणजे नेमकी कुठली?

पत्र: वय २८, लग्नाला दीड वर्ष झालं. इंदूरला रामबागेत एकत्र कुटुंबात राहते. मूल अजून दोनेक वर्षं नको म्हणून चार महिन्यांपासून माला-डी घेते, रात्री जेवण झाल्यावर. या सोमवारी मामेबहिणीच्या मंगळागौरीसाठी एकटीच ग्वाल्हेरला गेले आणि पाकीट इथंच राहिलं. सोमवार-मंगळवारच्या, म्हणजे १६ आणि १७ नंबरच्या गोळ्या चुकल्या. त्याआधीची एकही चुकली नव्हती. बुधवारी रात्री घरी आल्यावर तिन्ही एकदम घेतल्या, तर तासाभरात उलटी झाली. आज गुरुवार, सकाळपासून तपकिरी डाग लागताहेत. ह्यांनी घाबरून मेडिकलमधून संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची गोळी आणून ठेवली आहे, मी अजून घेतली नाही. त्यात पुढच्या शुक्रवारी घरी महालक्ष्म्या येतात आणि माझी पाळी नेमकी त्याच आठवड्यात असते. जाऊबाईंनी गोळ्यांचा एक पत्ता दिलाय, "दिवसातून तीनदा घे, पाळी पुढे जाते" म्हणाल्या. मैत्रीण म्हणते, हे सगळं सोड, आठवड्यातून एकदाची गोळी सुरू कर. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. गोळ्या घेणाऱ्या बायकांना पुढे दिवस राहत नाहीत, असं त्या नेहमी म्हणतात. आधी काय करू?

उत्तर: आधी जे आज आणि रविवारी करायचं आहे ते सांगतो, कारण ते थांबणारं नाही. कारणं मागाहून.

गुरुवारची, १९ नंबरची गोळी तुम्ही घेतली असेल असं धरतो. राहिली असेल तर हे वाचताक्षणी घ्या आणि आजची, म्हणजे शुक्रवारची, तिच्या ठरल्या वेळेला. शुक्रवारी २०, शनिवारी २१. इथं पांढऱ्या गोळ्या संपतात. रविवारपासून त्याच पाकिटातल्या सात तपकिरी गोळ्या घ्यायच्या नाहीत. त्या टाकून द्या आणि रविवारी थेट नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी सुरू करा. पुढच्या बुधवारची गोळी घेऊन होईपर्यंत कंडोम वापरा. ७२ तासांची गोळी घेऊ नका. जाऊबाईंचा पत्ता त्यांना परत करा. डाग लागताहेत म्हणून गोळी बंद करू नका.

तपकिरी गोळ्या गाळल्या की महालक्ष्म्यांच्या आठवड्यात पाळी येणारच नाही. म्हणजे चुकलेल्या गोळ्यांवरचा उपाय आणि सणाची सोय, दोन्ही एकाच गोष्टीत झालं. त्यासाठी वेगळं औषध लागत नाही.

तुमच्या पत्रात चार निरनिराळी औषधं आली आहेत आणि चारही घरात 'गोळी' याच नावानं ओळखली जातात. गोंधळाचं मूळ तिथं आहे. एकीचा नियम दुसरीला लावला की बिघडतं. एरवी यातली प्रत्येक आपापल्या कामात चोख आहे.

पहिली तुमची रोजची. माला-डी आणि सरकारी केंद्रावर फुकट मिळणारी माला-एन यांच्या आत एकच औषध आहे: लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्राडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेन जातीचं संप्रेरक, ०.०३ मिलिग्रॅम (३० मायक्रोग्रॅम). फरक फक्त वाटण्याच्या पद्धतीचा, एक सवलतीच्या दरात विकली जाते, दुसरी मोफत. पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्यांत हे औषध असतं. उरलेल्या ७ तपकिरी गोळ्यांत फेरस फ्युमरेट, म्हणजे नुसतं लोह, ६० मिलिग्रॅम. त्या गर्भ रोखत नाहीत. रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये आणि जमलं तर अंगातलं रक्त वाढावं, एवढ्यासाठी त्या ठेवलेल्या असतात. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही पाकिटांत २१च गोळ्या असतात. तिथं सात दिवस काहीच घ्यायचं नसतं आणि आठव्या दिवशी नवं पाकीट फोडायचं.

आता ही काम कशी करते ते नीट समजून घ्या, म्हणजे विसरल्यावर काय करायचं ते पाठ करावं लागणार नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दर महिन्याला एफएसएच आणि एलएच या दोन संप्रेरकांच्या हातून अंडाशयाला निरोप धाडते: एक बीज पिकव, मग सोड. रोजच्या गोळीतल्या औषधामुळे त्या ग्रंथीला वाटतं, अंगात संप्रेरकं पुरेशी आहेत, निरोपाची गरज नाही. निरोप गेला नाही की बीज सुटत नाही. मुख्य काम हेच. त्याखेरीज गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्राणूंना आत शिरणं अवघड जातं. गर्भाशयाचं अस्तरही पातळच राहतं, म्हणून गोळीवर असताना रक्तस्राव कमी होतो.

तपकिरी आठवड्यात औषध थांबतं. अस्तर गळतं आणि रक्तस्राव होतो. ही खरी पाळी नव्हे, औषध थांबल्याची प्रतिक्रिया आहे. पण त्याच आठवड्यात पीयूषिका ग्रंथी जागी होते, अंडाशयात बीजकोश वाढू लागतात. सातव्या दिवसापर्यंत ते पिकायच्या बेतात नसतात, आणि आठव्या दिवशी नव्या पाकिटाची पहिली गोळी येऊन त्यांना थांबवते. म्हणजे सात दिवस ही सुट्टीची कमाल मर्यादा आहे. आणि अंडाशय पुन्हा पुरतं शांत करायला लागोपाठ सात पांढऱ्या गोळ्या लागतात. सात दिवस सुट्टी, सात गोळ्या पहारा. सगळे नियम यातूनच निघतात.

आता तुमचा हिशेब करून पाहा. १ ते १५ नंबरच्या गोळ्या बिनचूक, म्हणजे पहारा भक्कम होता. सोमवार आणि मंगळवार गेले. बुधवारच्या तिन्ही तासाभरात उलटून पडल्या, म्हणून त्याही गेल्या असंच धरायचं. गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांत उलटी झाली तर औषध अंगात उतरलेलं नसतं, आणि लगेच दुसरी घ्यावी लागते. म्हणजे तीन दिवसांची सुट्टी आधीच झाली. आता १९, २०, २१ या तीनच गोळ्या घेऊन पुन्हा सात दिवस तपकिरी घेतल्या असत्या, तर मधल्या तीन गोळ्यांनी पहारा पुरता बसलाच नसता आणि त्यावर आणखी सात दिवसांची मोकळीक मिळाली असती. बीज सुटायची भीती तिथं होती. तपकिरी गाळल्या की गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत सात पांढऱ्या सलग होतात. कंडोमची मुदत बुधवारपर्यंत त्यामुळेच.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल, जी पाकिटावरच्या सूचनांत ठळक नसते. पाकिटाच्या मधली गोळी चुकली तर फारसं बिघडत नाही. दगा देते ती कडेची. नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, कारण तिथं सात दिवसांची सुट्टी नऊ-दहा दिवसांची होते. बायका मात्र मधल्या एका गोळीसाठी रात्रभर जागतात आणि "नवं पाकीट उद्या आणू" म्हणून दोन दिवस सहज घालवतात. म्हणून हातातल्या पाकिटाचा तपकिरी आठवडा लागायच्या आधीच पुढचं पाकीट घरात हवं.

एकच पांढरी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा ती घ्यायची आणि त्या दिवसाची ठरल्या वेळेला. दोन्ही एकदम घ्यायची वेळ आली तरी चालतं, आणि कंडोमचीही गरज नसते. दोन किंवा जास्त चुकल्या तर त्यातली शेवटची तेवढी लगेच घ्यायची, आधीच्या टाकून द्यायच्या, पुढच्या रोज एक. सात गोळ्या सलग होईपर्यंत कंडोम. म्हणजे बुधवारी तुम्ही फक्त मंगळवारची आणि बुधवारची घ्यायला हवी होती. सोमवारची गेली ती गेली. तीन एकदम घेऊन फायदा काहीच नव्हता. इस्ट्रोजेन मात्र एका झटक्यात ९० मायक्रोग्रॅम पोटात गेलं आणि उमासे येऊन उलटी झाली. त्यानं अपाय होत नाही, पण उलटीत औषधच गेलं. अशी चूक पहिल्या आठवड्यात झाली असेल आणि त्या आठवड्यात संबंध आला असेल, तर मात्र ७२ तासांच्या गोळीचा विचार करावा. तुमची चूक तिसऱ्या आठवड्यातली आणि आधीच्या १५ गोळ्या नीट घेतलेल्या, म्हणून ती नको. तपकिरी गोळी विसरली तर टाकून द्यायची, तिचा विचारही करायचा नाही.

डाग लागणं म्हणजे तीन दिवस औषध कमी पडल्यानं अस्तर थोडं सुटलं, एवढंच. गोळी चालू ठेवली की काही दिवसांत थांबतं. तपकिरी आठवडा गाळल्यावरही अधूनमधून किंचित डाग दिसू शकतात, तेव्हा सणाच्या तीन दिवसांत अगदी कोरडं राहील अशी हमी देता येत नाही. भरून पाळी येणार नाही, हे नक्की. आणि हेही सांगून ठेवतो की पाळीत महालक्ष्म्यांपुढं उभं राहिल्यानं तुमच्या शरीराला कसलाही धोका नाही. बाकी घरातलं तुम्ही आणि जाऊबाई ठरवा.

अशी सुट्टी गाळणं अपायकारक नाही. सात दिवसांच्या सुट्टीमागं वैद्यकीय गरज नव्हतीच. अमेरिकेत १९६० साली पहिल्या गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा दर महिन्याला रक्तस्राव दिसला तर बायकांना ते नैसर्गिक वाटेल, म्हणून हा बेत ठेवला गेला. दोन-तीन पाकिटं सलग घेऊन मग एक तपकिरी आठवडा, असंही चालतं. मात्र पाकिटातल्या सगळ्या औषधी गोळ्या एकाच ताकदीच्या हव्यात. माला-डीत तशा आहेत. काही पाकिटांत दोन-तीन रंगांच्या, कमीजास्त ताकदीच्या गोळ्या असतात. तिथं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या मारू नयेत.

आता जाऊबाईंचा पत्ता. पाळी पुढे ढकलायला देतात ती बहुतेक नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम असते. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन, सण होईपर्यंत. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. भाद्रपदात आपल्याकडच्या किती घरांत ही जाते हे कुठलाही मेडिकलवाला सांगेल. ती गर्भनिरोधक नाही. अशी चार-आठ दिवस घेऊन दिवस राहणं टळत नाही आणि हा गैरसमज पुष्कळींना पडतो. तुम्ही आधीच एक गोळी घेत असताना दुसरी त्यावर चढवायचं कारण नाही. आणखी एक गोष्ट जाऊबाईंच्या कानावर घाला: या डोसात तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळं जिला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तिला ती चालत नाही. "माझ्याकडची तू घे" असं द्यायचं हे औषध नव्हे.

७२ तासांच्या गोळीत औषध तुमच्याच गोळीतलं, लिव्होनॉरजेस्ट्रेल, पण १.५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा पांढऱ्या गोळ्यांइतकं. ती बीज सुटणं लांबवते. बीज सुटून गेलं असेल तर तिचा उपयोग नाही, म्हणून ७२ तासांची वाट न पाहता जितकी लवकर तितकी बरी. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, आणि घेतल्यानंतरच्या संबंधांपासून राखणही करत नाही. महिन्यातून दोनदा-तीनदा तिच्यावर भागवणाऱ्यांची पाळी वाट्टेल तशी होते आणि दिवस राहायचे ते राहतात. यजमानांनी आणलेली तशीच कपाटात ठेवा, मुदत पाहून. गर्भपाताची गोळी हे आणखी वेगळं औषध, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याजोगं नाही. मेडिकलच्या काउंटरवर "ती गोळी द्या" म्हणून भलतीच गोळी हाती पडते ती यामुळेच. नाव घेऊन मागा.

आता मैत्रिणीची आठवड्याची. सरकारी पुरवठ्यात तिला छाया म्हणतात, बाजारात ती सहेली म्हणून आली. औषधाचं नाव ऑर्मेलॉक्सिफीन, ३० मिलिग्रॅम, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेलं. त्यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन नाही. ही चांगली गोळी आहे, पण "आठवड्यातून एकदा" हे अर्धंच सांगितलं जातं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची असते. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात, आणि तो दिवस रविवार असला तर दुसरी बुधवारी, सोमवार असला तर गुरुवारी, असे दोन वार पक्के. तीन महिने झाले की मगच पहिल्या वाराला एक. पहिल्या महिन्यापासूनच आठवड्याला एक घेतली तर औषधाची अंगातली पातळी पुरेशी चढत नाही आणि दिवस राहू शकतात. चुकलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापरायचा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर परत दोनदाच्या पायरीवरून सुरुवात. या गोळीनं पाळ्या लांबतात, रक्तस्राव कमी होतो. तब्येतीला त्यानं बाधा येत नाही, पण दर महिन्याला "राहिलं की काय" ही धाकधूक मात्र राहते. पीसीओडी असेल, किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर ती देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. तुम्हाला रोजची सोसतेय, मग एका मंगळागौरीपायी बदलायचं कारण दिसत नाही. शिवाय रोजची विसरणारी आठवड्याची विसरणार नाही असं मुळीच नाही. उलट रोजच्या सवयीला रोजचा आधार असतो.

तो आधार मात्र नीट बांधा. "जेवण झाल्यावर" ही वेळ नव्हे. जिथं रात्री बारा वाजता सराफ्यात उभं राहून भुट्ट्याचा कीस खातात, त्या शहरात तर नव्हेच. साडेनऊ, दात घासताना, असं काहीतरी ठरवा आणि मोबाईलला गजर लावा. रात्रीची वेळ बरी, मळमळ झोपेत निघून जाते. पाकिटावरच्या बाणांच्या दिशेनं गोळी काढा, म्हणजे आजची घेतली की नाही हे पाकीटच सांगेल. नव्या पाकिटाशिवाय आणखी एक जास्तीचं पाकीट प्रवासाच्या पर्समध्ये कायमचं ठेवा. उलटी झाली तर बदली गोळी त्यातूनच घेता येते. मात्र उन्हाळ्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर राहू देऊ नका, उष्णतेनं औषध खराब होतं. उलट्या-जुलाब दोन दिवस चालले तर ते दिवस गोळी चुकल्यासारखेच मोजा.

नियमानं घेतली तर वर्षभरात हजार बायकांत तिघींना दिवस राहतात. प्रत्यक्षात जशी घेतली जाते, विसरत, उशिरा, तशी धरली तर शंभरात सातजणींना. एवढा फरक निव्वळ विसरण्याचा आहे.

तुम्ही ही मेडिकलमधून स्वतःच घेतलेली दिसते, तपासणीचा उल्लेख पत्रात नाही. सुरू करायला आतली तपासणी लागत नाही, रक्त तपासणीही लागत नाही. पण रक्तदाब मोजलेला हवा. १४०/९० किंवा वर असेल तर ही गोळी टाळावी, १६०/१०० किंवा वर असेल तर घेऊच नये. चार महिने झालेत, या आठवड्यात मोजून घ्या आणि पुढं वर्षातून एकदा. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार यातलं काही असेल तर ही गोळी नाही. पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढणारीलाही नाही. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढं नागमोडी चमकत्या रेषा दिसत असतील किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर कुठल्याही वयात नाही, कारण अशा बायकांत पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि हा प्रश्न काउंटरवर कुणी विचारत नाही. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना पहिले सहा महिने ही टाळतात. तेव्हा छाया, किंवा नुसत्या प्रोजेस्टेरॉनची डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची रोजची गोळी देतात. तिच्यात बारा तासांहून जास्त उशीर झाला की चुकली असं धरतात आणि तिला सुट्टीचा आठवडा नसतो. इथंही एकीचा नियम दुसरीला लागत नाही.

क्षयावरची रिफॅम्पिसिन, फिट्सवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन ही औषधं गोळीचं औषध यकृतात लवकर जाळून टाकतात. ती चालू असताना या गोळीवर भिस्त ठेवू नये. घसादुखीला मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिकनं मात्र फरक पडत नाही, त्यानं उलट्या-जुलाब झाले नाहीत तर.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, छाती दुखरी होणं, मधेच डाग, थोडी डोकेदुखी हे होतं आणि बहुधा आपोआप जातं. वजन गोळीनं फार वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. गुठळीचा धोका खरा आहे, पण आकडा पाहून भ्या: गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना होते, तुमच्यासारखी लिव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत पाच ते सातजणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका त्याहून जास्त असतो. एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत एकदम कळ येऊन धाप लागली, कधी नव्हे असं प्रचंड डोकं दुखलं, दिसणं धूसर झालं, बोलताना जीभ अडखळली किंवा पोटात असह्य दुखलं, तर गोळी बंद करून त्याच तासाला दवाखाना गाठा. इंदूरच्या एमवाय रुग्णालयाची इमर्जन्सी रात्रीही उघडी असते.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. गोळी थांबवल्यावर औषध काही दिवसांत अंगातून जातं, साठून राहत नाही, आणि बहुतेकींची बीज सुटण्याची लय एक ते तीन महिन्यांत परत येते. "मधेमधे गोळीला विश्रांती द्या" याला आधार नाही. उलट त्या विश्रांतीतच दिवस राहतात. उशीर होतो तो तीन महिन्यांच्या इंजेक्शननं, सरकारी नावानं अंतरा. त्यात शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, आणि तो उशीर सगळ्याच गर्भनिरोधकांच्या नावावर मांडला जातो. जुन्या भीतीला एक कारणही होतं. त्या पहिल्या अमेरिकन गोळीत इस्ट्रोजेन जातीचं संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम होतं, तुमच्या गोळीत आहे ३०. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं त्याला, १९२१ पासून, शंभर वर्षं होऊन गेली, तरी मराठी घरात हा विषय अजून कपाटाच्या मागच्या खणात असतो. सासूबाईंना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. पाकीट मात्र लपवून ठेवल्यामुळं ग्वाल्हेरला न्यायचं विसरलं असेल, तर लपवण्याची जागा बदला.

रविवारी सुरू केलेल्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या तीन आठवड्यांनी, शनिवारी संपतील. मग या वेळी तपकिरी घ्या. तिसऱ्या-चौथ्या तपकिरीच्या सुमारास, म्हणजे पितृपक्षाच्या उत्तरार्धात, रक्तस्राव येईल. एरवी तो एखाद्या महिन्यात आला नाही तरी गोळ्या नीट घेतल्या असल्यास काळजी नसते. पण या खेपेला तीन गोळ्या गेल्या आहेत, तेव्हा तपकिरी आठवडा संपेपर्यंत तो आला नाही तर सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा. आशाताईंकडं किंवा सरकारी केंद्रावर 'निश्चय' किट मिळतं. पट्टीवर दोन रेषा आल्या तर गोळी थांबवून डॉक्टरांकडं जा. तोवर घेतलेल्या गोळ्यांनी बाळात व्यंग येतं असा पुरावा नाही. एकच रेषा आली तर आठव्या दिवशी नवं पाकीट ठरल्या वेळेला सुरू करा, रक्तस्राव आला असो वा नसो.